बाबांच्या मोबाईलमध्ये मी लिहिलेली नावं

बाबांच्या मोबाईलमधली सगळी नावं मी लिहिली होती. नावं म्हणजे माणसांची नावं नव्हेत. बाबा चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचतात, पण अक्षराला अक्षर लावत. त्यात आमच्या वाड्यावर निम्म्या घरांचं आडनाव एकच, त्यामुळे आडनावावरून त्यांना काही उलगडत नाही. म्हणून मी कामावरून नावं घातली. पदेर म्हणजे पाव आणून देणारा. गॅसवालो. बँकेची बाई. पंच. भाटकार घर, भाटकार मोबाईल. एकदा त्यांनी पंचाला फोन लावायचा म्हणून पदेराला लावला आणि रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार पूर्ण सांगून टाकली. पदेरानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ता खरा, पण पाव कितले घालू?" तेव्हापासून मी प्रत्येक नाव दोनदा वाचून, शक्य तितकं स्पष्ट लिहायला लागले. कुणाचाही घोटाळा होऊ नये, एवढाच हेतू होता.

ह्या स्पष्टपणाचा मला अभिमान होता, हे आधीच सांगते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. लोकांची पत्रं वाचून दाखवणं, अर्ज भरणं, मोबाईल लावून देणं ही माझी कामं.

आमचं घर लाटंबार्से गावात एका काजूच्या भाटाच्या टोकाला आहे. भाट म्हणजे बागायत, आणि भाटाचा मालक तो भाटकार. माझे आजोबा भाट राखायला आले आणि भाटकाराच्या जमिनीत मातीचं घर बांधून राहिले. अशा माणसाला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. घर मुंडकाराचं, खालची जमीन भाटकाराची. घरपट्टी भाटकाराच्या नावावर, विजेचा मीटरही त्यांच्याच नावावर. आजोबा गेल्यावर बाबा भाटकाराची गाडी चालवू लागले. भाटकार डिचोलीत राहतात. रोज सकाळी बाबा मोटरसायकलवरून डिचोलीला जातात आणि तिथून पुढे दिवसभर त्यांच्या गाडीत.

मुंडकाराला आपल्या घराची नोंद करून घेता येते, हे मला कॉलेजात कळलं. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "कायदो आसा ता माकाय खबर आसा. पण रोज त्यांच्या बाजूक बसचा लागता." त्यांना तयार करायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. भाटकारांचे मुलगे भाट विकायच्या गोष्टी करतात असं गावात उठलं, तेव्हा कुठे ते माझ्याबरोबर वकिलाकडे आले.

वकिलांनी कागद पाहिले. पाहण्यासारखे फारसे नव्हतेच. ते म्हणाले, "अडचण एकच. पगारी नोकराला मालकानं राहायला जागा दिली असेल, तर तो मुंडकार होत नाही. भाटकार म्हणणार, हा माझा ड्रायव्हर, मी राहायला दिलंय. घर तुमच्या वडिलांनी बांधलं, ड्रायव्हरकी खूप नंतरची, हे सांगणारा माणूस पाहिजे."

असा एकच माणूस उरला होता. आजोबांबरोबर भाटात काम केलेले एक म्हातारे, आता हळर्णला मुलीकडे राहतात. एका रविवारी मी आणि बाबा मोबाईलवर रस्ता बघत बघत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बाबांना जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "ती माती आमी दोघांनी मळली. त्या भितींक माझे हात लागलेले आसत. खंयय येवन सांगतलंय." वकिलांनी बजावलं की म्हाताऱ्यांचं म्हणणं आधी लिहून, सही करून घेऊ, मगच मामलेदारांकडे अर्ज घालू. अर्ज घातला की भाटकारांना नोटीस जाणार. तोवर त्यांच्या कानावर काही जाता कामा नये.

आम्ही तिघांनीही तोंड बंद ठेवलं. आईनं तर देवाच्या गाऱ्हाण्यातही घराचं नाव घेतलं नाही, भटजी भाटकारांकडचेच म्हणून. मी मात्र बाबांच्या मोबाईलमध्ये दोन नवी नावं घातली. 'वकील मुंडकार केस' आणि 'साक्षीदार हळर्ण'.

त्याच सुमारास भाटकारांनी नवी गाडी घेतली. पूजेला आम्ही गेलो होतो. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबं. पूजा झाल्यावर भाटकारांनी मला हाक मारली.

"गो बाय, तू कॉलेजात शिकता मगो? ह्या टीव्हीक मोबाईल लाव पळोवया."

टीव्ही म्हणजे गाडीतला मोठा पडदा. मी पुढच्या सीटवर बसले. एवढ्या नव्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते, पाय कुठे ठेवावेत ते कळेना. मी म्हटलं, "तुमचो मोबाईल दिया."

"माझो नाका," ते म्हणाले. "माझ्यात सगळा आसा. तुझ्या बापायचो लाव. गाडी तोच चलयता."

ते हसले. मीही हसले. त्यांच्या मोबाईलमध्ये काय असेल, असलं काहीतरी माझ्या मनात आलं. आमच्या मोबाईलमध्येही सगळं आहे, हे आलं नाही.

केबल लावल्यावर पडद्यावर एकेक प्रश्न येऊ लागला. संपर्क वाचू द्यायचे का. केलेल्या आणि आलेल्या कॉलची यादी दाखवायची का. मेसेज दाखवायचे का. ही परवानगी नेहमीसाठी द्यायची का. मी ते न वाचता दाबलं असतं तर बरं झालं असतं, निदान स्वतःशी तसं सांगता तरी आलं असतं. मी चारही प्रश्न वाचले. दुसऱ्या प्रश्नाशी माझं बोट थांबलंही होतं. पण भाटकार दाराला हात टेकून उभे होते, बाबा त्यांच्या मागे उभे होते, आणि आमच्यापैकी कुणालाही त्या अंगणात उभं राहून 'नाही' म्हणायची सवय नाही. पडद्यावरचे प्रश्न भाटकारच विचारताहेत असं मला वाटलं. मी चार वेळा 'होय' दाबलं.

"आनी हे कसले आकडे?" भाटकारांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे मोबाईलचं कंपनीनं दिलेलं लांबलचक, आकड्यांचं नाव येत होतं. "कोणाचो तो कळाक नाका? नाव घाल."

बाबांचं नाव घालता आलं असतं. त्यांचं नाव चांगलं आहे, तीन अक्षरांचं. पण भाटकारांच्या नव्या गाडीच्या पडद्यावर बाबांचं नाव रोज दिसणार, ते आगाऊपणाचं वाटेल, असं मला वाटलं. मी लिहिलं, 'ड्रायव्हर'.

"शाबास," भाटकार म्हणाले. बाबांनी मान हलवली. घरी जाताना ते आईला म्हणाले, "पाच मिनटांत लायलो गो तिणां. शोरूमवाल्याक जमूक नाय."

मग काजूचा हंगाम आला. एका सकाळी भाटकार बाग बघायला आले होते. माझी बस चुकली म्हणून ते म्हणाले, "बस फाटीं. डिचोलीपर्यंत सोडतंव." ते पुढे, बाबांच्या शेजारी. मी मागे, मांडीवर दप्तर, बाजूला नारळांचं पोतं. गाडीत भजन लागलं होतं. मुळगावच्या अलीकडे ते मध्येच थांबलं आणि चारही दारांतून फोनची रिंग वाजू लागली. पडद्यावर माझ्या तळव्याएवढी अक्षरं आली.

वकील मुंडकार केस.

खाली एक हिरवं बटण, एक तांबडं. बाबांना ती अक्षरं वाचायला वेळ लागतो. भाटकारांना लागत नाही. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. मला हात पुढे करून तांबडं बटण दाबता आलं असतं, पण मीही तशीच बसून राहिले. रिंग शेवटपर्यंत वाजली आणि भजन जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.

"घी मरे फोन," भाटकार म्हणाले.

"नाका. गाडी चलयतंय न्हय."

"वकील कित्याक?"

"बायच्या कॉलेजाचा कायतरी आसा," बाबा म्हणाले.

माझ्या कॉलेजचा आडोसा त्यांनी आयुष्यात त्या एकदाच घेतला. भाटकार "हां" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

डिचोलीच्या बाजारात त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या आणायला पाठवलं. गाडी चालूच होती, मोबाईल केबलला लटकलेला. बाबा रस्ता ओलांडून गेले. भाटकारांनी चष्मा लावला आणि पडद्यावरची यादी बोटानं सावकाश वर सरकवू लागले. मी मागे आहे हे त्यांना माहीत होतं. ते मोठ्यानं वाचत होते.

"गॅसवालो. पदेर. पंच." ते थोडं हसले. "बँकेची बाई. भाटकार घर. भाटकार मोबाईल. बरा." बोट पुढे गेलं. "वकील मुंडकार केस." तिथे थोडं थांबलं. मग थोडं खाली. "साक्षीदार हळर्ण."

त्यांनी चष्मा काढला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"किती नीट लिवलां गो. कोणी?"

"मी," मी म्हटलं.

शाळेत बाईंनी विचारल्यावर जसं पटकन उत्तर येतं तसं ते माझ्या तोंडून गेलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"शिकल्याचो असो फायदो," ते म्हणाले. बाबा गोळ्या घेऊन आले. भाटकारांनी त्यांना विचारलं, जेवणाआधीच्या आणल्यास की नंतरच्या.

मी हे बाबांना सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं की भाटकारांना एवढ्यावरून काय कळणार, नुसता एक नंबर आणि गावाचं नाव. की उद्या कॉलेजातून वकिलांना फोन करीन, मग सांगीन. खरी गोष्ट अशी की मला बाबांचं "पाच मिनटांत लायलो" आठवत होतं आणि ते परत घ्यायला लावायचं धैर्य माझ्यात नव्हतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा जेवायला बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "आज हळर्णाक गेल्लंव."

आई म्हणाली, "कोणाक घेवन?"

"भाटकाराक."

गाडीत बसल्यावर भाटकारांनी हळर्णला जायचं असं सांगितलं. बाबांनी विचारलं, हळर्णात कुठे. भाटकार म्हणाले, "विचारूक नाका. रस्तो तुझ्याच मोबायलात आसा." आणि त्यांनी पडद्यावर नकाशा उघडून अलीकडे शोधलेल्या ठिकाणांतलं पहिलंच ठिकाण दाबलं. त्या रविवारी मीच शोधलेलं ते ठिकाण. मग गाडीतली बाई बोलू लागली. पुढे डावीकडे वळा. सरळ चला. उजवीकडे वळा.

"आनी तुमी वळलात?" आई म्हणाली. "वाट चुकलंय म्हणाक येय नाय?"

"बाई सांगताली न्हय," बाबा म्हणाले. "वाट चुकतलंय कसो?"

ते स्वतःच्या हातानं भाटकारांना साक्षीदाराच्या दारात घेऊन गेले. आत गेले नाहीत. ड्रायव्हर आत जात नाही. ते गाडीत बसून राहिले, समोर तो पडदा, त्यावर 'तुम्ही पोहोचलात' असं लिहिलेलं. चहा पिऊन होईल एवढ्या वेळानं भाटकार बाहेर आले. म्हाताऱ्यांच्या मुलीनं त्यांना पिशवीभर आंबाडे दिले होते. म्हातारे फाटकापर्यंत पोचवायला आले, त्यांनी बाबांना पाहिलं, आणि मग गाडीच्या चाकाकडे बघत उभे राहिले. वाटेत भाटकार म्हणाले, "दोन आंबाडे तुमच्याकय घी. सासव करतत ता बरा लागता."

पिशवीतले आंबाडे आईनं चुलीशेजारी ठेवले होते. तिनं ते उचलून बाहेर ठेवले.

तेव्हा मी बाजारातली गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, "कोणी" आणि "मी" पर्यंत. बाबा ऐकत होते. त्यांचा हात ताटातच होता.

"म्हणजे तुका खबर होती," ते म्हणाले.

"हूं."

"तीन दीस."

ते उठले, हात धुतले, आणि जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, जाऊन उभे राहिले. त्या जनेलाची चौकट आजोबांनी बसवली होती, थोडी वाकडी आहे, पावसात लागत नाही. बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. आई मात्र म्हणाली, "आमच्यात कोणाक वाचूक येयनासला तेवा आमचा कोणी वाचूकय नाय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. ते पूर्ण खरं नाही हेही मला कळतं. वाचता येत नसताना आमच्या मागच्या माणसांनी काय काय अंगठे उठवले असतील कोण जाणे. पण ते तिला सांगायला मी कोण होते?

पुढच्या रविवारी मी एकटी बसनं हळर्णला गेले. म्हाताऱ्यांनी बसायला कदेल दिलं, लाकडी खुर्ची, ती स्वतःच्या पंच्यानं पुसून दिली. मुलीनं चहा आणला.

"बाय, माका आता याद रवना," ते म्हणाले.

"आजोबा, तुम्हीच म्हणालात, भिंतीला हात लागलेत."

"म्हटला असतलंय. वय झाला."

मी चहा बशीत ओतला. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुझो आजो अशीच पी. बशी दोन्ही हातांनी धरी आनी तीनदा फुंकी. तीनदाच. चवथ्यांदा फुंकलो जाल्यार चाय निवली म्हणान आजयेक बोले." ते हसले. मी हसले नाही. तीनदा फुंकलेलं आठवत होतं, घर आठवत नव्हतं. त्यांची मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आमच्या चेड्यान भाटकाराच्या गाळ्यात दुकान घातलां. समजून घी गो." तिनं निदान खरं सांगितलं. मी चहा संपवला. न संपवता उठणं बरं दिसलं नसतं.

वकिलांना फोन केला. त्या सकाळी त्यांनी कशाला फोन केला होता ते तेव्हा कळलं. म्हाताऱ्यांचं म्हणणं लिहून घ्यायला कधी येऊ, एवढंच विचारायचं होतं.

अर्ज आम्ही घातला, साक्षीदाराशिवाय. गप्प बसून राखण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. मला वाटलं होतं भाटकार बाबांना कामावरून काढतील. त्यांनी काढलं नाही. उलट जास्त बोलावू लागले, रविवारीसुद्धा. बाबांनी काम सोडावं का असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, आता सोडलं तरी इतकी वर्षं केलं ते केलंच. बाबा जात राहिले. फक्त मोबाईल ते खिशात ठेवू लागले, बंद करून.

एक काम उरलं होतं ते मी केलं. भाटकारांच्या अंगणात जाऊन म्हटलं, "गाडीतला बाबांच्या मोबायलाचा नाव काढूक आयलंय."

"काढ गो," ते म्हणाले. ते कदेलावर पेपर वाचत होते, उठलेही नाहीत. "माका सगळा पाठ जाला."

पडद्यावर जोडलेल्या मोबाईलची यादी होती. यादीत एकच नाव. मी ते दाबून धरलं, तेव्हा त्यानं विचारलं, 'ड्रायव्हर काढून टाकायचा का?' पुन्हा मला 'होय' म्हणावं लागलं. बाबा पाण्याची नळी घेऊन चाकं धूत होते. मी उतरून त्यांच्या बाजूनं गेले तेव्हा त्यांनी नळी थोडी वळवून घेतली, माझे पाय भिजू नयेत म्हणून.

गेल्या आठवड्यात अर्जावर भाटकारांचं उत्तर आलं. वकिलांनी त्याची प्रत दिली. मराठीतच टाईप केलेलं होतं. मी वाचून दाखवायला घेतलं तर बाबा म्हणाले, "हंय दी. मी वाचतंय." त्यांनी कागद जनेलाशी उजेडात धरला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागले. आई ओल्या हातानं तशीच दारात उभी राहिली. दुसऱ्या ओळीत बाबांचं बोट थांबलं. "ड्रा," ते म्हणाले. "ड्राय." मग पूर्ण शब्द. तो त्यांना लवकर लागला. रोज गाडीत बसल्यावर पडद्यावर तोच यायचा, त्यामुळे ओळखीचा झाला होता. अर्जदार हा माझा पगारी ड्रायव्हर असून, असं ते वाक्य होतं.

ते खालपर्यंत वाचत गेले. बराच वेळ लागला. मग कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "मुंडकार खंय लिवलां ता माका गावूक नाय. लिवलां मगो?"

मी पूर्ण पान पाहिलं. शेवटून तिसऱ्या ओळीत होतं.

"लिवलां," मी म्हटलं.

"कितें लिवलां?"

"मुंडकार नव्हे, असं."

त्यांनी कागद परत घेतला, मला ती ओळ दाखवायला सांगितलं, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.